एका फितीसाठी उठायचं का? नाशिकरोडच्या टपरीवरून पेटलेला वाद

तोफखानावाला (भगूर)
काल 'गंगापूर रोडकर' यांची पोस्ट वाचली. नाशिकरोड स्टेशनबाहेर टपरीवर एक कोवळा अग्निवीर बाकावर चहा पीत बसला होता. एक लान्स नायक आला, म्हणजे बाहीवर एक फीत, शिपायाच्या एक पायरी वर. पोरगा बसूनच राहिला, म्हणून त्याने पोराला सगळ्यांदेखत उभं करून झापलं. यांचा निष्कर्ष: "एका फितीचा गुंड. सलाम ठोकला नाही म्हणून एवढा माज. ही गुलामीच." रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

२४ वर्षं तोफखान्यात काढली, हवालदार होऊन घरी आलो. आधी सलामाचं सांगतो. लान्स नायकाला सलाम नसतोच. सलाम जेसीओला (म्हणजे सुभेदार वगैरे) आणि अफसरला, तोही डोक्यावर टोपी असेल तर. जवानाजवानांत एवढंच असतं: सीनियर आला की उठायचं, हात सरळ, 'राम राम' म्हणायचं. तो 'बैठो' म्हणाला की बसायचं. दोन सेकंदांचं काम आहे. याला गुलामी म्हणता?

ते का, तेही ऐका. नवीन होतो तेव्हाची गोष्ट. १०५ मिलिमीटरची तोफ, भर उन्हात फायरिंग. कानात नुसतं सूं सूं. माझ्या हातातला पाना निसटून तोफेच्या मागच्या दोन पायांमध्ये पडला आणि मी उचलायला वाकलो. आमच्यातला एक लान्स नायक, माझ्याहून दीड वर्षाने सीनियर, एकच शब्द ओरडला. 'बाहर!' मी विचार केला नाही, पाना तिथेच टाकून बाहेर उडी मारली. नळी मागे आली ती मी जिथे डोकं घातलं होतं तिथपर्यंत. हा जो विचार न करता हललो ना, ती सवय तोफेवर लागत नाही. ती बॅरकमध्ये, लंगरच्या रांगेत आणि चहाच्या बाकावरच लागते.

गंगापूर रोडकर
काका, तुमच्या नोकरीबद्दल आदर आहे. पण मी जे पाहिलं ते पाहिलं. पोराच्या हातातला ग्लास थरथरत होता, अर्धा चहा पँटवर सांडला. आजूबाजूला रिक्षावाले, प्रवासी, पोरीबाळी. सलामाचं माझं चुकलं असेल. अपमानाचं नाही चुकलं.

अंबड एमआयडीसी
तोफखानावाले, तुमची गोष्ट अंगावर आली, पण तिच्यातून तुम्ही म्हणता ते निघत नाही. मी १६ वर्षं पॉवर प्रेसवर आहे. माझ्याहून अर्ध्या पगाराचा हेल्पर 'हात काढ' म्हणून ओरडला तर मी आधी हात काढतो. त्यासाठी तो आला की मी रोज उठून उभा राहत नाही. जीव वाचवायचा शब्द कुणाचाही ऐकतो माणूस. त्याला फीत कशाला लागते?

तोफखानावाला (भगूर)
'हात काढ' कुणीही ऐकेल. 'पुढे जा' कोण ऐकतं ते सांगा. प्रेसवर तुम्हाला कुणी सांगतं का, की समोर मशीनगन चालू आहे, तरी चल?

आपल्याच माणगावचे यशवंत घाडगे. मराठा लाइट इन्फंट्री, नायक, म्हणजे दोन फिती. १० जुलै १९४४, इटली. त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, सगळे पडले किंवा जखमी झाले, उरले ते एकटे. तसेच मशीनगनवर चालून गेले, ठाणं घेतलं आणि तिथेच मारले गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची माणसं त्या माऱ्यात त्यांच्या मागे आली ती रोजच्या शिस्तीतून. दोन फितींचा माणूस लढाईत सेक्शनचा बाप असतो. बसल्या जागी मान न देणारा पोरगा तिथे मागे येईल, याची खात्री मला नाही.

अंबड एमआयडीसी
मग अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांचं नाव का नाही घेतलं? तेही मराठा लाइट इन्फंट्रीचेच, तेही इटलीतच, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. नुसते शिपाई. एक फीतसुद्धा नाही, कंपनीचे निरोप पोचवणारे. सोबतचे पडल्यावर दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून उचलून आणलं, मग मशीनगनची ठाणी मोडली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांना कोणत्या फितीने 'चल' म्हटलं होतं?

तोफखानावाला (भगूर)
हे उदाहरण तुम्ही काढाल असं वाटलं नव्हतं. चांगलं काढलंत. पण त्यांनाही कधीतरी कुणी फितीवाल्यानेच शिकवलं असेल, एवढं मी म्हणणारच.

लामरोडची ताई
पुरुष मंडळी फितींवर भांडताहेत, पण निदान फीत तुम्ही कमावता तरी. आम्ही बायका नवऱ्याच्या फितीवर तोलल्या जातो त्याचं काय?

नवरा तेव्हा नायक होता. लष्कराच्या एका कँटीनला मी सकाळी सातपासून रांगेत, कडेवर दहा महिन्यांची मुलगी. टोपलीत तेल, साबण आणि पाच लिटरचा कुकर. त्या दिवशी तो एकच उरला होता. माझा नंबर आला आणि मागून एक बाई आल्या. काउंटरवरच्याने माझी टोपली हाताने बाजूला सरकवली. 'मॅडम को जाने दो.' टोपली परत मिळाली तेव्हा कुकर नव्हता. त्या बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ही कुठली तोफ डागायची शिस्त?

जेलरोड ४२२१०१
ताई, अगदी बरोबर! आमच्या आईला हॉलमध्ये मागच्या खुर्च्यांवर बसवायचे. पुढच्या रिकाम्या असल्या तरी.

देवळाली कॅम्पची लेक
सगळ्यांना एका तराजूत तोलू नका. माझे वडील मेजर होते. आई कायम रांगेत उभी राहिली, वडिलांचा हुद्दा कधी तोंडातून काढला नाही. दोन बायका उर्मट वागल्या म्हणून पन्नास बायका वाईट ठरत नाहीत.

लामरोडची ताई
तुमच्या आईंना नमस्कार. पण त्यांना हुद्दा सांगावा लागत नव्हता, काउंटरवरच्याला तो माहीत असायचा. मला मात्र दरवेळी विचारायचे, 'साहब क्या हैं?' आणि 'नायक' म्हटलं की आवाज बदलायचा. तुम्ही हे कधी ऐकलं नसेल, म्हणून तुम्हाला ते दोन बायकांचं वाटतं.

देवळाली कॅम्पची लेक
म्हणजे चूक आमचीच, जन्माने? बरं.

तोफखानावाला (भगूर)
ताई, कँटीनचा वेगळा धागा काढा, मी येतो. इथे जवानांचं चाललंय.

लामरोडची ताई
नाही काढणार. हेच चाललंय. मान वरून खाली सरकत येतो आणि सगळ्यात खाली कुणाच्या तरी टोपलीतून कुकर काढला जातो.

सिन्नरचा शेतकरी बाप
माझा मुलगा २०२३ मध्ये अग्निवीर झाला. मोठ्यांसमोर उठायचं हे त्याला घरीच शिकवलंय, आजोबा ओट्यावर आले की आम्ही अजून उठतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण मागच्या सुट्टीत त्याच्या हाताची कातडी सोललेली दिसली. खोदून विचारलं तेव्हा बोलला, एका सीनियरचे कपडे रोज धुतो. यालाही मानच म्हणायचं का साहेब?

दुसरं. २०२२ ला योजना आली तेव्हाच सांगितलं, की अग्निवीर हा वेगळा दर्जा, वेगळं चिन्ह. चार वर्षं. त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे राहणार. २०२४ च्या ऑक्टोबरात तुमच्या देवळालीच्या रेंजवर गोळा फुटून दोन अग्निवीर गेले, तेव्हा आठ दिवस माझ्या बायकोच्या घशाखाली भाकर उतरली नाही. माझा पोरगा चार वर्षं सगळ्यांसाठी उठून उभा राहील. त्याच्यासाठी कुणी कधी उठणार आहे का?

तोफखानावाला (भगूर)
दादा, कपड्यांचं आधी. तो मान नाही, चोरी आहे. माझ्या बॅटरीत, म्हणजे तोफांच्या तुकडीत, तसं दिसलं असतं तर त्या सीनियरला मी बीएचएमपुढे (बॅटरी हवालदार मेजरपुढे) उभा केला असता. मुलाला सांगा, थेट हवालदार मेजरला बोल.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आम्हाला माहीत होतं की आज उठतोय, पाच-सात वर्षांनी आपल्यासाठी कुणी उठेल. त्या भरवशावर सगळं सोसलं. तुमच्या पोराला तो भरवसा नाही, हे मी मोजलंच नव्हतं.

गंगापूर रोडकर
मी एवढंच म्हणत होतो.

तोफखानावाला (भगूर)
नाही, तुम्ही 'गुंड' म्हणत होता. तो लान्स नायकही कुणाचा तरी पोरगा आहे. पण झापायचं होतं तर बाजूला घेऊन. माझ्या उस्तादांनी मला बॅरकमागे रगडा दिला, लोळवलं, पण सिव्हिलियनसमोर एक शब्द काढला नाही. टपरीवर तो चुकला, हे मान्य.

गंगापूर रोडकर
'गुंड' शब्द पोस्टमधून काढलाय. 'सलाम'ही. 'गुलामी' ठेवतोय.

तोफखानावाला (भगूर)
ठेवा. मी रोज येऊन खाली लिहीन.

लामरोडची ताई
माझी मुलगी आता बावीस वर्षांची आहे. त्या दिवशी घरी येऊन भात पातेल्यात शिजवला, तो करपला, आणि नवऱ्याला मी सांगितलं की कुकर संपले होते.