मदत हवी आहे : शिक्षक आजोबांची मुलांसाठीची इतिहासाची पुस्तके

आजोबा ठाण्यात शाळाशिक्षक होते. १९५६ ते १९६४ दरम्यान त्यांनी मुलांसाठी इतिहासाची छोटी पुस्तके लिहिली: १७३९ची वसईची लढाई, १८५३ची बोरीबंदर-ठाणे पहिली आगगाडी. सनावळ्यांपेक्षा माणसांवर भर, भाषा अगदी गोड. त्यांचं चरित्र लिहितोय, पण घरी एकच पुस्तक उरलंय, तेही मुखपृष्ठाविना.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९३, म्हणून आशा होती) आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दोन्हीकडे लेखकाच्या नावाने शोधलं, हाती काही आलं नाही. प्रकाशन संस्था केव्हाच बंद झाली. रद्दीवाल्यांकडे सांगून ठेवलंय.

१९५४च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागे. मुंबईत टाउन हॉलमधल्या सेंट्रल लायब्ररीतही अशा प्रती येतात. आजोबा १९७१ साली गेले, म्हणजे स्वामित्वहक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. वारस आम्हीच, पण प्रकाशकाशी झालेला करार सापडत नाही. कोलकात्याला जाणं सध्या जमणार नाही.

सेंट्रल लायब्ररीत त्या काळातली मराठी बालपुस्तकं कुणी प्रत्यक्ष पाहिली आहेत का? लेखकाचं नाव यादीत नसेल तर तिथे कशावरून शोधायचं, आणि वारसाला पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स मिळायला कोणती कागदपत्रं लागतात?