बिलिंगच्या सर्व्हरवर कोणाला किती अधिकार द्यावेत?

प्रश्न (महापे, नवी मुंबई): आमच्या कार्यालयात बिलिंगच्या सर्व्हरवर सगळ्यांनाच अ‍ॅडमिनचे अधिकार आहेत. ते कमी करायचे झाल्यास सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १: माणसागणिक परवानग्या देत बसू नका, आधी कामानुसार भूमिका ठरवा आणि ज्या भूमिकेला जेवढे लागते तेवढेच द्या. किमान अधिकाराचे हे तत्त्व सॉल्त्झर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांच्या १९७५ च्या शोधनिबंधात आहे. बिल तयार करणारा आणि ते मंजूर करणारा एकच नसावा, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

प्रतिसाद २ (ठाणे): फायरवॉलही (नेटवर्कवरून सर्व्हरपर्यंत काय येऊ द्यायचे आणि काय अडवायचे हे ठरवणारी यंत्रणा) तपासा. बहुतेक फायरवॉलमध्ये नियम वरून खाली पाहिले जातात आणि पहिला जुळणारा नियम लागू होतो; त्यामुळे वरच सरसकट परवानगी असेल, तर खालची बंदी निरुपयोगी ठरते.

प्रश्नकर्ता: बदली झालेल्यांच्या जुन्या परवानग्यांचे काय?

प्रतिसाद १: नवी भूमिका देतानाच जुनी काढून घ्या.