देव इतका जवळ आहे, मग मध्ये माणूस कशाला?

नगरकरीण
परीक्षा असो, ऑपरेशन असो, सोयरीक असो, आमच्या चर्चच्या मंडळीत पहिला फोन पाळकसाहेबांना, म्हणजे पास्टरना. "तुम्हीच प्रार्थना करा, देव तुमचं ऐकतो." मला हे अजिबात पटत नाही. यरुशलेमच्या मंदिरात पडद्याआडच्या परमपवित्र स्थानी प्रमुख याजक, म्हणजे मुख्य पुरोहित, वर्षातून एकाच दिवशी जायचा, तोही बळीचं रक्त घेऊन. येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा तो देव आणि माणसामधला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असं मार्क शुभवर्तमानात लिहितो. तो आपण पुन्हा का शिवतोय? भाजी चिरता चिरतासुद्धा देवाशी बोलता येतं.

वसईकर
ताई, सप्टेंबरात बांद्र्याला मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या जत्रेत या. मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं बाळ घेऊन लोक येतात. देव दूर वाटतो म्हणून नव्हे. घरात दुखणं आलं की आपण चार माणसांना सांगतोच, तसं येशूची आई मारियेलाही सांगतो. आणि पापनिवेदनानंतर फादरच्या तोंडून "क्षमा झाली" हे कानांनी ऐकू येतं. एकट्याने म्हटलं की मन तेच तेच उकरत बसतं.

जुना उपासक
जवळीक हवी, सलगी नको. जळत्या झुडपापाशी देवाने मोशेला आधी जोडे काढायला लावले. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात चौथा अध्याय 'धैर्याने या' म्हणतो, तेच पत्र बाराव्यात देवाला भस्म करणारा अग्नी म्हणतं. हल्लीच्या प्रार्थना ऐकल्या की वाटतं, लोक देवाला कामाची यादी देतायत.

नगरकरीण
धाक हवाच, पण धाकाने तोंडच मिटत असेल तर? जकातदार जक्कयाने लुबाडलेला एक पैसाही परत केला नव्हता, तेव्हाच येशू म्हणाला, आज तुझ्या घरी उतरणार. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ताला माउली म्हणून आळवलं. ती सलगी म्हणायची का? वसईकर, क्षमा कानांनी ऐकण्याचं तुमचं म्हणणं मला पोचलं. पण रात्री दोनला आयसीयूबाहेर बसलेल्या बाईने फादर कुठून आणायचा?

वसईकर
तिने थेटच बोलावं, कोण अडवतंय? पण सकाळी तिच्याशेजारी बसून कुणी प्रार्थना केली तर तो पडदा कसा? आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं, हे बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात 5:14 ला स्पष्ट आहे. तुमच्या पाळकसाहेबांना येणारे फोन त्यातलेच.