रोजचे ६२ रुपये: आपल्याकडची अतिगरिबी खरंच संपत आली का?

वावरातून_लिहितो
पोराच्या स्पर्धा परीक्षेच्या नोट्स चाळत होतो, त्यात वाचलं. जागतिक बँकेनं जून २०२५ मध्ये अतिगरिबीची रेघ २.१५ डॉलरवरून ३ डॉलर केली, अन् त्या वाढलेल्या रेघेनं बी भारतात २०११-१२ ला २७.१ टक्के लोक खाली होते ते २०२२-२३ ला ५.३ टक्क्यावर आले. तीन डॉलर म्हणजे अडीचशे रुपये समजू नका, मी बी आधी तेच समजलो होतो. हे बाजारातले डॉलर नाहीत, तेवढंच सामान इथं घ्यायला किती लागते त्या हिशोबाचे आहेत, म्हणजे २०२१ च्या भावानं माणशी रोज ६२ रुपयांच्या आसपास. आमच्या घरी पाच जण. वर्षाचे झाले १ लाख १३ हजार. मागच्या साली घरात खर्च झाला २ लाख ४० हजार, म्हणजे मी रेघेच्या दुप्पट वर, खुश व्हायला पाहिजे. पण त्यातले १ लाख १० हजार बाबांच्या ऑपरेशनले नागपूरला गेले, त्यातले काही नातेवाईकाचे, काही बायकोची पोत गहाण ठेवून. सर्वेवाला खर्च लिहून घेते, दवाखान्याचा बी खर्चच असते, कर्जाचा सर्वे वेगळा. म्हणजे बाबा पडले नसते तर आम्ही रेघेच्या जरासे वर, पडले म्हणून एकदम वर गेलो! २०१५ ला युनोत सगळ्या देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत अतिगरिबी संपवायची. मले एवढंच विचारायचं आहे की नेमकं काय संपवून राहिले हे लोक?

मूळगाव_वाशीम
दादा, दवाखान्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण त्यावरून सगळंच बोगस म्हणणं मले पटत नाही. ही रेघ सुखी कोण ते सांगायला काढलेलीच नाही, पोटाला आहे का नाही एवढंच ती बघते. १९९० ला जगात दोनशे कोटींच्या आसपास लोक जुन्या रेघेखाली होते. २००० मध्ये ठरवलं की २०१५ पर्यंत प्रमाण निम्मं करायचं, ते २०१० लाच झालं, त्यात चीनचा वाटा सगळ्यात मोठा. आज रेघ वर नेऊनही आकडा ८० कोटींच्या आसपास आहे, अन् त्यातले बहुतेक सहारा वाळवंटाच्या खालच्या आफ्रिकेत. तिथल्या माणसाले विचारा ६२ रुपये कमी आहेत का.
आणि आपलंच बघा ना. माझी आजी कण्या शिजवायची, ज्वारीच्या, त्यात अंबाडीची भाजी, अन् पोरांनी पुन्हा मागू नये म्हणून गंज पालथा घालून ठेवायची. मी हे पाहिलं आहे, ऐकीव नाही. आज आमच्या गावात असा गंज एक दाखवा. हे आपोआप झालं नाही. रोहयो आपल्याच राज्यात ७२ च्या दुष्काळात सुरू झाली, १९७७ ला कायदा झाला, दिल्लीले ते सुचायला २००५ उजाडलं.

चार_एकर_ओलीत
झालं का कौतुक करून? आता माझं ऐका. फुकट गहू तांदूळ, वरून लाडक्या बहिणीचे १५००, मंग वावरात कोण येईल? कापूस झाडावर लोंबून राहिला, वेचणीले बाई भेटत नाही. १० रुपये किलो देतो म्हटलं तरी नाक मुरडतात. आणि कंट्रोलचा तांदूळ खातात तरी कुठं, महिन्याच्या महिन्याला गाडीवाला येते अन् घेऊन जाते. गरिबी हटवता हटवता कास्तकारच गरीब झाला.

रोजानं_जाणारी
भाऊ, मी वेचणीले जाते म्हणून सांगते. बाई भेटत नाही म्हणजे १० रुपयात भेटत नाही. शेवटच्या वेचणीले बोंड कमी, दिवसभर वाकून २० किलो होते, त्याचे २०० झाले, येण्याजाण्याचे ऑटोवाला ३० घेते. बोटं बोंडाच्या वाळल्या टोकानं फाटतात ते तर सोडाच. अन् तांदूळ विकतो तर काऊन विकतो हे विचारलं का कोणी? आमच्याकडे भाकरपोळीशिवाय पोट भरत नाही, तांदूळ खपते किती, मंग विकून तेल, तिखट आणतो. चोरी नाही केली. घरात गहू असला की चार दिवस घरी बसून बाई भाव विचारू शकते, आधी विचारायची सोयच नव्हती, सकाळी दारात आवाज आला की विळा घेऊन निघायचं. तुमाले तेच खुपते.

चार_एकर_ओलीत
ताई खुपत नाही, पण मले कापसाचा भाव कोण वाढवून देणार ते बी सांगा ना. सरकारचा हमीभाव २०२५-२६ चा लांब धाग्याले क्विंटलमागं ८,११० अन् व्यापारी ओल दाखवून किती कापते ते आपण सगळे जाणतो.

वावरातून_लिहितो
हेच म्हणत होतो. ऑगस्ट २०२५ ला आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरपर्यंत. ऐन वेचणीच्या टायमाले. अमेरिका स्वतःच्या कापूसवाल्यांना सबसिडी देते, त्यानं जगात भाव पडतो, म्हणून बुर्किना फासो, माली, बेनिन, चाड या चार देशांनी २००३ ला जागतिक व्यापार संघटनेत हात जोडले होते. ब्राझील केस लढला अन् जिंकला, पण ब्राझील मोठा. या चौघांच्या हाती काही खास लागलं नाही. अन् तेच मोठे देश मग त्याच मालीत जाऊन गरिबी हटवायला मदत वाटतात! मदत तरी कुठं, १९७० मध्ये युनोत ठरलं होतं उत्पन्नाच्या ०.७ टक्के द्यायची, देणारे देश बोटावर मोजण्याइतके, अन् २०२५ ला अमेरिकेनं तर आपलं मदतीचं खातंच गुंडाळलं.

मूळगाव_वाशीम
कापसाच्या बाबतीत वाद नाही. पण बघा, मदत तोडल्याबद्दल तुम्हीच चिडले, म्हणजे मदतीचा उपयोग होता हे तुम्हीच मानलं 😄

गोठा_रिकामा
मदत कशी द्यायची ते बी बघा. २००६ ला पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज, त्यात गाई बी होत्या. आमच्या काकाले एक संकरित गाय लागली. भलती देखणी. पण ढेप, हिरवा चारा अन् पाणी एवढं लागायचं की काकू म्हणायची, घरच्या माणसाहून तिचंच पुरं करावं लागते. मे महिन्यात विहीर आटली, गाय विकली, अन् गाईच्या किमतीतल्या आपल्या हिश्श्याचं कर्ज काकाच्या नावावर राहिलं. बांगलादेशात अति गरिबाले शेळी नाहीतर गाय देतात, पण त्याच्यासोबत काही महिने खाण्याचे पैसे, अन् दर हप्त्याले येऊन विचारणारा माणूस. गाय तीच, बाकीचं आमच्याकडे कोणी दिलं नाही.
त्यापेक्षा रोकडा द्या. केनियात गावोगावच्या गरिबाले सरळ मोबाईलवर पैसे टाकले, अभ्यासात दिसलं की दारूवरचा खर्च काही वाढला नाही.

रोजानं_जाणारी
रोकडा बी बघून द्या बाप्पा. केशरी कार्डवाल्या कास्तकारांचं धान्य बंद करून २०२३ ला माणशी महिन्याले १५० खात्यात टाकणं सुरू केलं ना, १५० त पाच किलो गहू येत होता का दुकानात?

धारणीकडचा
तुम्ही सगळे रेघेच्या वरचे भांडून राहिले. आमच्याकडे होळीपर्यंत अर्धं गाव बाहेर कामाला, म्हातारे अन् लहान पोरं घरी. म्हाताऱ्याचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटत नाही, माती करून करून रेषाच गेल्या. मशीन म्हणते परत या, अन् दुकान सात किलोमीटर. ५.३ टक्के असा आकडा लिहून मोकळे होतात, ते लोक इकडंच राहतात.

मूळगाव_वाशीम
याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही दादा. खरंच नाही. एवढंच म्हणतो की रेघ नसती तर ते ५.३ टक्के कोणाच्या कागदावरच आले नसते.

वावरातून_लिहितो
कागदावर आले, पुढं?

चार_एकर_ओलीत
ताई, तुमचं गाव कोणतं म्हणता? दारव्ह्याकडं असान तर १२ नं देतो, ऑटोचे माझ्याकडं. सहा बाया पाहिजे सोमवारपासून.

रोजानं_जाणारी
१३. अन् काटा आमच्यासमोर.