आडवळणाच्या पोर्टवर इनिट कुठलं लावलं? अनुभव लिहा मंडळी

नमस्कार. इनिट म्हणजे मशीन सुरू झाल्यावर पहिली उठणारी आणि बाकीच्या सर्व्हिस चालू करणारी प्रोसेस, आणि पोर्ट म्हणजे दुसऱ्या कर्नलवर (सिस्टीमच्या गाभ्यावर) आणलेली सिस्टीम. लिनक्सवर कुठलं इनिट हा वाद आता बराच थंडावलाय, २०१४ च्या फेब्रुवारीत डेबियन ह्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या तांत्रिक समितीनं लिनक्ससाठी सिस्टीमडी हे इनिट डिफॉल्ट केलं तेव्हाच दिशा ठरली. पण सिस्टीमडी सीग्रुपसारख्या (प्रोसेसचे गट बांधायची सोय) लिनक्स कर्नलच्याच गोष्टींवर उभंय, हर्डवर किंवा बीएसडीवर, म्हणजे लिनक्स सोडून दुसऱ्या कर्नलवर, ते चालतच नाही. कोल्हापुरात हे उद्योग करणारी आपण मोजकीच माणसं, तेव्हा कुणी काय लावलं, का लावलं, कुठं अडलं ते सविस्तर लिहा.

माझं सांगतो. क्यूईएमयू ह्या व्हर्च्युअल मशीनवर डेबियन हर्ड, त्यावर सिसव्हीइनिट हे जुनं, स्क्रिप्टवर चालणारं इनिट. हर्डवर बरीच कामं ट्रान्सलेटर, म्हणजे फाइलींना जोडलेले छोटे प्रोग्रॅम, करतात, आणि पॅसिव्ह ट्रान्सलेटर फाइलला कुणी हात लावला की आपोआप उठतो, त्यामुळं इनिटच्या वाट्याला कामच कमी येतं. साधं, वाचता येणारं इनिट तिथं भरपूर झालं.

उद्यमनगरातनं: आमच्या वर्कशॉपात मशीनच्या नोंदी ठेवायला नेटबीएसडीवाला जुना पीसी हाय. त्यात सोबत आलेलं आरसी डॉट डी (सर्व्हिस चालू करायच्या स्क्रिप्ट), नेटबीएसडी १.५ पासनं म्हणजे २००० पासनं तेच. स्क्रिप्टच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये प्रोव्हाइड (ही कुठली सर्व्हिस) आणि रिक्वायर (आधी काय लागतं) लिहायचं, आरसीऑर्डर तेवढं वाचून क्रम लावतंय. खरी परीक्षा लाइट गेल्यावर. पीसी धाडकन बंद होतो, पीआयडी फाइल (प्रोसेसचा नंबर लिहिलेली) डिस्कवर तशीच राहिली तर परत आल्यावर तोच नंबर भलत्याच प्रोसेसला मिळू शकतो, आणि घाईनं लिहिलेली स्क्रिप्ट 'आधीच चालू आहे' म्हणून गप्प बसते. आरसी डॉट सबर (ह्या स्क्रिप्टची सामायिक फंक्शनं) मात्र नंबराबरोबर प्रोसेसचं नावपण ताडून बघतं. ह्या एका गोष्टीसाठी माझा त्याच्यावर जीव हाय.

विद्यापीठाकडनं: दादा, हर्डवर शेफर्ड नावाचं इनिटपण चालतं. मी गिक्स सिस्टीमवर व्हीएममध्ये हर्ड चालवते, चाइल्डहर्ड म्हणतात त्याला, कॉन्फिगमध्ये सर्व्हिस जोडली की झालं. बाहेर लिनक्सवर शेफर्ड, आत हर्डवरपण शेफर्डच, दोन्हीकडं स्कीम भाषेतच लिहायचं. पण त्याला अख्खं गाइल (स्कीम चालवणारा प्रोग्रॅम) लागतं, आणि नव्या पोर्टवर गाइलच धड बिल्ड होत नसेल तर पहिली प्रोसेसच उभी राहणार नाही, म्हणून अगदी कच्च्या पोर्टवर मी हे आधी घेणार नाही.

राजारामपुरीतनं: केफ्रीबीएसडी, म्हणजे फ्रीबीएसडीच्या कर्नलवरचं डेबियन, स्क्वीझ ह्या आवृत्तीत २०११ ला टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू म्हणून आलं, २०१३ च्या व्हीझीतपण होतं, पुढच्या जेसीत गळलं तेव्हा लय वाईट वाटलं. ओपनआरसी हे इनिट लावून बघितलं होतं, जुन्या इनिट स्क्रिप्ट तशाच उचलायचं. भावांनो, मला इनिटपेक्षा स्क्रिप्टनी जास्त छळलं. पॅकेजवाला सिस्टीमडीची युनिट फाइल ठेवतो, जुनी स्क्रिप्ट काढून टाकतो, आणि त्याला तरी काय बोलणार, टेस्ट करायला त्याच्याकडं हर्ड कुठनं येणार? काढलेल्या बऱ्याच स्क्रिप्ट ऑर्फन-सिसव्हीइनिट-स्क्रिप्ट्स नावाच्या पॅकेजात गोळा केल्यात, हातानं लिहायला बसायच्या आधी तिथं शोधा.

मूळ पोस्टवाला: दादा, हे लाखातलं बोललात. सिस्टीमडीची एक गोष्ट मला हर्डवर मनापासून हवी वाटते, सीग्रुपमुळं सर्व्हिसनं जन्माला घातलेल्या सगळ्या प्रोसेस हातात राहतात, पीआयडी फाइलची कटकटच नाही. तोवर ज्यांच्याकडं चालणाऱ्या स्क्रिप्ट पडून आहेत त्यांनी इथं टाका, मी हर्डवर चालवून बघतो आणि चालल्या तर पॅच करून पॅकेजवाल्यांकडं पाठवू.