काळ्या गेंड्यांचे वावरक्षेत्र मोठे झाले, म्हणजे रान खालावले का?

रानवाट: दक्षिण आफ्रिकेतील ह्लुह्लुवे–इम्फोलोझी उद्यानाविषयी वाचताना एके ठिकाणी अडले आहे. तेथील काळ्या गेंड्यांची वावरक्षेत्रे (एकेक गेंडा फिरतो तेवढा प्रदेश) विस्तारली असून झाडोरा बदलल्यामुळे रानाची धारणक्षमता, म्हणजे किती गेंडे पोसता येतील ती मर्यादा, घटली आहे, असे 2007 च्या एका अभ्यासात म्हटले होते. 2016 च्या अभ्यासाने मात्र ही वाढ मान्य केली नाही. एकाच उद्यानाविषयी इतका फरक कसा पडतो? आणि वावरक्षेत्रावरून संख्येचा अंदाज बांधता येतो का?

पाणवठा: फरक बराचसा मोजणीच्या पद्धतीत आहे. एखादा गेंडा जिथे जिथे दिसला त्या नोंदींपैकी सर्वांत बाहेरचे बिंदू जोडून क्षेत्र काढले, तर नोंदी जितक्या अधिक आणि जितक्या जास्त वर्षांच्या, तितके ते क्षेत्र फुगत जाते. एका वर्षी चुकून दूर गेलेला गेंडाही त्यात कायमचा धरला जातो. म्हणून शिंगात बसवलेल्या ट्रान्समीटरवरून मिळालेल्या वर्षभराच्या नोंदी आणि गस्तीवर कधीमधी झालेल्या दर्शनांच्या अनेक वर्षांच्या नोंदी यांची थेट तुलना करणे मला सर्वस्वी चूक वाटते. हा केवळ अभ्यासकांचा वाद नाही. 2003 पासून उद्यान ज्यात आहे त्या क्वाझुलू-नाताल प्रांतातून गेंडे नव्या जागी हलवून नवे कळप वसवले जात आहेत, आणि किती गेंडे उचलायचे हे धारणक्षमतेच्या अंदाजावरच ठरते.

बाभूळबन: संख्येचा अंदाज वावरक्षेत्रावरून बांधू नये, असे माझे ठाम मत आहे. नामिबियाच्या वाळवंटी कुनेने भागात एकेका गेंड्याला शेकडो चौरस किलोमीटर लागतात, कारण तेथे पाला विरळ आहे. तरीही तेथे गेंडे टिकून आहेत. उलट टांझानियातील न्गोरोंगोरो विवराचा तळ जेमतेम 260 चौरस किलोमीटरचा. 1960 च्या दशकात तेथे शंभराहून अधिक गेंडे एकेक करून ओळखले गेले होते, आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते पंधराच्याही खाली आले. पाला होता, पाणी होते. घात मुख्यतः शिकारीने केला. संपूर्ण आफ्रिकेत 1970 च्या सुमारास सुमारे 65,000 असलेले काळे गेंडे 1995 पर्यंत जेमतेम 2,400 उरले, तेही याच कारणाने. संख्या कळायची तर कानाला पाडलेल्या खाचांवरून एकेक गेंडा ओळखावा आणि दोन वेतांमधले अंतर पाहावे. गर्भकाळच सव्वा वर्षाचा असल्याने मादी साधारण अडीच-तीन वर्षांनी व्याली, तर रान चांगले आहे असे समजावे.

रानवाट: आभारी आहे. मग झाडोऱ्याच्या बदलाचा मुद्दा अजिबात गैरलागू ठरतो का?

पाणवठा: नाही, तो आपल्या जागी खरा आहे. आपल्याकडे जिला रानमोडी म्हणतात, तीच झुडपे ह्लुह्लुवेत माजली होती आणि गेंड्यांच्या खाण्याच्या जागा त्यांनी व्यापल्या होत्या. मात्र गेंडा तेथे पाला खातो की नाही, हे झुडपाजवळ जाऊन पाहावे लागते: आकड्यासारख्या वरच्या ओठाने ओढून त्याने तोडलेली फांदी कात्रीने तिरकी छाटल्यासारखी दिसते, आणि तसेच तिरके तुकडे त्याच्या शेणातही सापडतात.