आयर्लंडची शाकारलेली घरं: शहाणपण की नाइलाज?

केळफूल:
क्लेअर परगण्यातलं बनराटीचं खुलं संग्रहालय पाहून आलो. पेंढ्याने शाकारलेली, चुना फासलेली जुनी घरं डोक्यातून जात नाहीत. जाड दगडी भिंती, इवल्या खिडक्या, अर्धं दार: कोंबड्या बाहेर, उजेड आत. अटलांटिकच्या वाऱ्यात छप्पर उडू नये म्हणून किनाऱ्याकडे त्यावरून दोर टाकून भिंतीतल्या दगडी खुंट्यांना बांधायचे. बहुतेक सामान पंचक्रोशीतलं. अशाच भिंतींना आता सिमेंट थापतात आणि ओल धरली म्हणून रडतात. ती माणसं आपल्यापेक्षा शहाणी होती, हे माझं मत.

बोरकाठी:
शेतमजुराचं एका खोलीचं घरही बनराटीतच आहे, ते गाळलंत वाटतं! 1841च्या जनगणनेत घरांचे चार वर्ग केले होते. सर्वांत खालचा वर्ग मातीच्या एकखोली झोपड्यांचा: एकूण साधारण 13.3 लाख घरांपैकी सुमारे 4.9 लाख. 1851मध्ये उरल्या जेमतेम 1.36 लाख. सगळ्यांना पक्की घरं मिळाली म्हणून नव्हे. 1845पासून बटाट्यावर करपा पडला; आत राहणारे उपासमारीने, तापाने मेले, बोटीत बसले, नाहीतर जमीनदाराने हाकलले. ओस पडलेली मातीची झोपडी पावसात मातीला मिळते. दगडी घर टिकतं, आणि त्याचेच आपण फोटो काढतो.

केळफूल:
मग दोष जमीनदारीचा, बांधकामाचा कसा? कुळाने घर सुधारलं की खंड वाढायची भीती. 1870च्या जमीन कायद्याआधी उत्तरेकडचा अल्स्टर सोडला, तर जमीन सोडताना केलेल्या खर्चाची भरपाई सहसा मिळत नसे. कोण कशाला खिडकी पाडेल? जोतं उंच आणि छप्पर धड असलं, की मातीची भिंत आपल्या कोकणातल्या पावसातही उभी राहते.

सांजवात:
भिंतींवरून भांडताय, पाणी कोण भरायचं ते कोणीच विचारत नाही. टर्फचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या इंधनाचा, विस्तव रात्री राखेत पुरायचा, पहाटे उकरून फुलवायचा. हे सगळ्यांना गोड वाटतं. पण बादल्या विहिरीवरून आणायच्या बायकांनीच. खेड्यांत वीज 1946नंतर टप्प्याटप्प्याने आली, नळ त्याहून उशिरा. 1960च्या सुमारासही खेड्यातल्या बहुतेक घरांत नळ नव्हता. आयरिश कंट्रीवूमेन्स असोसिएशनने नळासाठी मोहीम चालवली, तर कर वाढेल म्हणून विरोध करणारे शेतकरीही निघाले! शहाणपण म्हणे.

पारावरचा:
डब्लिनला ऑफिसातल्या एकाच्या आजीने पेंढा काढून पन्हळी पत्रे घातले, तेव्हा गावात तिचा मान वाढला. आता नातू त्याच घरावर पुन्हा पेंढा घालायला निघालाय. शाकारणारा कारागीर मिळाला, पण विमा द्यायला कोणी तयार होईना.

बोरकाठी:
नातू तिथे बारा महिने राहणार आहे, की उन्हाळ्यात पंधरा दिवस? ते विचारून सांगा, मग बोलू.